छेद छोटा, ऑपरेशन तेवढंच

मा. संपादक साहेब,
स.न.वि.वि.

मागच्या रविवारच्या पुरवणीत तुमच्याकडे 'आता हार्टचं ऑपरेशन टाक्यांशिवाय' अशी अर्ध्या पानाची बातमी होती, सोबत हसणाऱ्या काकांचा फोटो आणि खाली चौकटीत 'दोन इंचाचा छेद, तिसऱ्या दिवशी घरी'. मी हार्टच्या आयसीयूत सिस्टर होते, आता रिटायर होऊन सांगलीत असते, आणि नात्यात गल्लीत कुणाच्या अँजिओग्राफीत काही निघालं की फाईल आधी माझ्याकडे येते आणि मग डॉक्टरकडे. या आठवड्यात आलेल्या एका फाईलीत तीन नसा ब्लॉक, शुगर जुनी, बायपास सांगितलीय, आणि गृहस्थ म्हणतात की छाती कापून घेणार नाही, पेपरात आलंय तेच करणार, तोपर्यंत थांबू. हे 'थांबू' ऐकलं आणि लिहायला बसले. पत्र लांबलंय, कापायचं असेल तर कापा पण अर्थ तेवढा राहू द्या.

बातमीत चार वेगवेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत भरल्यात. स्टेंट टाकणं, म्हणजे अँजिओप्लास्टी, ती हातातून किंवा जांघेतून नळी घालून कॅथलॅबमध्ये होते आणि ते ऑपरेशनच नाही, कार्डिओलॉजिस्ट करतात. नळीतूनच झडप बसवणं, ज्याला टावी म्हणतात, ती दुसरी गोष्ट. 'बीटिंग हार्ट' बायपास म्हणजे हृदय चालू ठेवून केलेली बायपास, पण आपल्याकडे ती बहुतेक वेळा मधली छाती पूर्ण उघडूनच करतात, त्याचा छोट्या छेदाशी काही संबंध नाही, लोक दोन्ही एकच समजतात. आणि चौथी म्हणजे खरोखरची छोट्या छेदाची हार्ट सर्जरी, जी सर्जन करतो, भूल देऊन करतो, टाके घालून करतो. टाक्यांशिवाय काहीही नसतं हो. आतमध्ये केसाहून बारीक धाग्याने रक्तवाहिनीला रक्तवाहिनी शिवायची असते, तिथे टाके नसून कसं चालेल.

नेहमीच्या ऑपरेशनमध्ये काय करतात ते आधी सांगते कारण भीती त्याचीच आहे. छातीच्या मधलं हाड वरपासून खालपर्यंत इलेक्ट्रिक करवतीने उभं कापतात, वीस-पंचवीस सेंटीमीटरचा छेद, मग दोन्ही बाजू फाकवून काम करायचं आणि शेवटी स्टीलच्या तारांनी हाड बांधून टाकायचं, त्या तारा आयुष्यभर आतच राहतात, एक्सरेत एकाखाली एक अशा छान दिसतात. ऐकायला भयंकर वाटतं पण खरं सांगू का, ती जखम जेवढी दिसते तेवढी दुखत नाही, तार घट्ट असली की हाड हलत नाही. त्रास वेगळाच असतो. हाड जुळायला सहा-आठ आठवडे लागतात, पुरतं मजबूत व्हायला तीन महिने, तोवर भरलेली बादली उचलायची नाही, टू-व्हीलर चालवायची नाही, कुशीवर झोपायचं नाही, खोकला आला की छातीशी उशी घट्ट धरायची आणि मग खोकायचं. आमच्याकडे प्रत्येक बेडवर ती उशी असायची, काही पेशंट डिस्चार्ज झाल्यावर घेऊनच जायचे.

आता छोटा छेद म्हणजे काय. हाड कापायचं नाही, दोन बरगड्यांच्या मधून आत जायचं, पाच ते आठ सेंटीमीटरच्या फटीतून. बायपास असेल तर डाव्या बाजूने, मायट्रल झडप, म्हणजे हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली झडप, किंवा हृदयातलं छिद्र असेल तर उजव्या बाजूने. एओर्टा म्हणजे हृदयातून निघणारी मोठी धमनी, तिच्या तोंडाशी असलेल्या एओर्टिक झडपेसाठी कधी कधी हाडाचा फक्त वरचा भागच कापतात, खालचा शाबूत ठेवतात, तेही यातच मोडतं. बायपासमध्ये छातीच्या आतल्या भिंतीवरून एक रक्तवाहिनी उतरते, डॉक्टर लोक तिला लिमा म्हणतात, ती सोडवून हृदयाच्या पुढच्या मुख्य नसेला जोडायची. हा जोड दहा वर्षांनीसुद्धा नव्वद टक्क्यांहून जास्त लोकांत उघडा राहतो, बायपासचं सगळ्यात टिकाऊ काम तेच. पुढची एकच नस खराब असेल तर छोट्या छेदातून हे सुंदर होतं. धडधडत्या हृदयावर एक छोटा फोर्कसारखा स्टॅबिलायझर टेकवतात, काहींना सक्शनच्या वाट्या असतात, आणि त्या दोन पायांच्या मधला नखाएवढा तुकडा तेवढा शांत होतो, बाजूचं सगळं हृदय उड्या मारत असतं आणि त्या नखाएवढ्या जागेत सर्जन शिवत असतो. पहिल्यांदा बघितलं तेव्हा मी श्वास रोखून उभी होते.

झडपेचं ऑपरेशन मात्र हृदय चालू ठेवून होत नाही. तिथे पंप लागतोच, हृदय-फुप्फुसाचं काम तेवढा वेळ बाहेरून करणाऱ्या हार्ट-लंग मशीनला आम्ही नुसतं पंप म्हणतो. छाती उघडलेली नसल्यामुळे पंपाच्या नळ्या जांघेतल्या धमनीत आणि शिरेत घालतात, एक बारीक छेद देऊन लांब दांड्याचा क्लॅम्प आत सोडून एओर्टा बंद करतात, मग पोटॅशियमचं थंड सोल्युशन देऊन हृदय थांबवतात, भूलवाले डॉक्टर उजवं फुप्फुस फुगायचं बंद करतात म्हणजे जागा होते, आणि मग कॅमेऱ्यात बघत लांबलचक हत्यारांनी झडप दुरुस्त करायची. म्हणजे हृदय थांबलं, पंप लागला, झडप शिवली, सगळं तेच झालं, फक्त जुन्या वाड्याच्या बोळातून लोखंडी कपाट बाहेर काढल्यासारखं, काम तेच पण कौशल्य आणि वेळ जास्त. पंपावरचा वेळ सहसा जास्तच लागतो. म्हणून 'छोटं ऑपरेशन' हा शब्द कृपया वापरू नका, जखम छोटी आहे, ऑपरेशन छोटं नाही.

हे कालपरवाचं पण नाही. लेनिनग्राडमध्ये कोलेसोव नावाच्या सर्जनने १९६४ साली डाव्या बरगड्यांमधून जाऊन, चालू हृदयावर, पंपाशिवाय हीच लिमा जोडली होती. तोवर अमेरिकेत पंप आला होता, गिबन यांनी १९५३ मध्ये फिलाडेल्फियात तो वापरून पहिलं यशस्वी ऑपरेशन केलं, पुढे १९६७ पासून क्लीव्हलँडला फवालोरोंनी पायाची शीर वापरून बायपास सुरू केली, आणि मधली छाती उघडून सगळं डोळ्यासमोर दिसतंय म्हटल्यावर जगाने तीच पद्धत उचलली. छोटा छेद परत आला तो १९९० च्या दशकात, स्टॅबिलायझर आणि कॅमेरे आल्यावर. रोबोट १९९८ ला पॅरिसला कार्पेंतिए यांनी मायट्रल झडपेसाठी वापरला, आता तर भारतात बनलेला मंत्रा नावाचा रोबोटही आहे. पण रोबोट स्वतः काही करत नाही हे पण छापा एकदा, बाजूच्या कन्सोलवर सर्जन बसलेला असतो आणि त्याची बोटं हलतात तशी आत हत्यारं हलतात.

'तिसऱ्या दिवशी घरी' बद्दल. काही पेशंट जातात, नाही असं नाही, पण सगळ्यांचं तसं होईल असं चौकटीत छापायचं नाही ना. ब्रिटनमध्ये सरकारी हॉस्पिटलांतल्या ३३० पेशंटवर मायट्रल झडपेच्या दुरुस्तीचा नीट चिठ्ठ्या टाकून अभ्यास झाला, निम्मे बरगडीतून, निम्मे मधल्या हाडातून, २०२३ साली छापून आला. बारा आठवड्यांनी कोण किती हिंडतं फिरतं हे मोजलं तर फरक नाही, दोन्हीकडे सारखं. हॉस्पिटलातला मुक्काम छोट्या छेदवाल्यांचा साधारण पाच दिवस आणि दुसऱ्यांचा सहा. एक दिवस! झडपेची दुरुस्ती दोन्हीकडे तितकीच चांगली, धोकाही जास्त नाही. म्हणजे पद्धत सुरक्षित आहे, शिकलेल्या हातांत उत्तम आहे, पण चमत्कार वगैरे नाही.

आणि दुखण्याचं कुणी सांगतच नाही. बरगड्या फाकवल्या की मधल्या नर्व्हवर ताण येतो, पहिले दोन-तीन दिवस श्वास घेताना, खोकताना जी कळ येते ती मधल्या छेदवाल्यांपेक्षा जास्त असू शकते, म्हणून हल्ली भूलवाले तिथे बधिर करायचं इंजेक्शन देतात. कितीतरी पेशंट मला म्हणायचे सिस्टर छेद छोटा म्हणाले होते मग एवढं का दुखतंय. बाजूच्या बेडवरचे मोठ्या छेदवाले काका मस्त चहा पीत बसलेले असायचे आणि हे कण्हत. आठवड्याभरानंतर मात्र चित्र उलटं व्हायचं, हे झपाट्याने सुधारायचे आणि काका उशी धरून जपून चालायचे.

फायदा कुणाला खरा आहे ते सांगते, कारण मी याच्या विरोधात अजिबात नाही. ज्याचं पोट हातावर आहे त्याला. आमच्या भागात ऊसतोडीला जाणारा, हमाली करणारा, ट्रॅक्टर चालवणारा माणूस तीन महिने घरी बसला तर हंगाम गेला, उचल डोक्यावर राहिली, त्याला हाड न कापता लवकर कामाला लागता आलं तर ते लाख मोलाचं. शुगरवाल्यांना आणि जाड माणसांना मधल्या हाडाची जखम चिघळायची भीती असते, ती एकदा चिघळली की महिनोनमहिने ड्रेसिंग, हाड कापलंच नाही तर ती भीतीच गेली. आणि लग्न जमायच्या मुली. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतल्या पडद्याला छिद्र असलेल्या कितीतरी मुली विसाव्या-बाविसाव्या वर्षी सापडतात, आईचा पहिला प्रश्न वाचेल का हा नसतो, डाग कुठे दिसेल हा असतो. मला सुरुवातीला राग यायचा, नंतर येईनासा झाला, त्या आईला आपलं जग माहीत असतं. उजव्या स्तनाखालच्या घडीत छेद घेतला की तो दिसतच नाही. तिथली चामडी काही महिने बधिर राहते हे तेवढं आधी सांगायला हवं. आणि त्याआधी हेही विचारायला हवं की छिद्र डिव्हाइसने, म्हणजे छत्रीसारखं बटण नळीतून नेऊन बंद होतंय का, कारण बऱ्याच जणींचं होतं आणि मग छेदाचा विषयच संपतो.

पण सगळ्यांना हे जमत नाही. फुप्फुस कमकुवत असेल, दम्याचा, बिडीचा जुना पेशंट असेल तर ऑपरेशनमध्ये एका फुप्फुसावर राहणं त्याला झेपत नाही. जांघेतल्या किंवा पोटातल्या रक्तवाहिन्यांत चुना साठलेला असेल तर तिकडून पंप लावल्यावर कचरा मेंदूकडे जायची भीती, म्हणून आधी सीटी अँजिओ करून घेतात, तो न करता कुणी थेट तारीख देत असेल तर विचारा का नाही केला. आधी छातीचं ऑपरेशन झालेलं असेल, दोन-तीन गोष्टी एकदम दुरुस्त करायच्या असतील, पेशंट इमर्जन्सीत आला असेल, तर मधला छेदच बरा. तीन-चार ग्राफ्ट, म्हणजे नसांचे जोड, छोट्या छेदातून करणारे सर्जन आहेत पण मोजके, आणि त्यांनी ते हळूहळू शिकत शिकत कमावलेलं असतं.

एक प्रसंग सांगते, नाव-गाव राहू दे. छोट्या छेदाची बायपास ठरलेली, आत गेले तर डावं फुप्फुस छातीच्या भिंतीला पार चिकटलेलं, लहानपणी कधीतरी टीबी होऊन गेला असणार, पेशंटला स्वतःलाच माहीत नाही. आपल्याकडे हे फार होतं. सर्जनने दहा-पंधरा मिनिटं सोडवून बघितलं, रक्त यायला लागलं, मग सरळ मधली छाती उघडली आणि ऑपरेशन व्यवस्थित पूर्ण केलं. संध्याकाळी मुलगा आयसीयूत भेटायला आला, वडिलांच्या छातीवर मध्ये उभी पांढरी पट्टी बघितली आणि आमच्यावरच उखडला, फसवलं म्हणाला, पैसे छोट्याचे घेतले म्हणाला. संमतीपत्रावर 'गरज पडल्यास मोठा छेद घेतला जाईल' हे लिहिलेलं होतं आणि खाली त्याचीच सही होती, पण सही करताना ते वाचतं कोण, आणि समजावून सांगतं तरी कोण. खरं तर त्या सर्जनने हट्ट सोडला हीच त्याची हुशारी होती. छोट्या छेदातच पूर्ण करायचं या हट्टापायी वेळ घालवणारा सर्जन मला जास्त धोक्याचा वाटतो.

आता त्या तीन नसांच्या गृहस्थांबद्दल, आणि अशा हजारो लोकांबद्दल. करवतीच्या भीतीने लोक दोनपैकी एक करतात, एक तर थांबतात नाही तर बायपास सांगितलेली असताना कुठून तरी चार स्टेंट टाकून घेतात. २०१७ पासून सरकारने स्टेंटच्या किमतीवर मर्यादा घातली, औषधवाला स्टेंट तेव्हा २९,६०० रुपयांवर आणला, चांगलंच झालं, पण स्वस्त झालं म्हणून ते तुमच्यासाठी योग्य झालं असं होत नाही. शुगर आणि एकापेक्षा जास्त नसा ब्लॉक असलेल्या १९०० लोकांचा फ्रीडम नावाचा अभ्यास २०१२ ला आला, त्यात पाच वर्षांत स्टेंटवाल्यांपैकी १६.३ टक्के दगावले आणि बायपासवाल्यांपैकी १०.९ टक्के. पॅरालिसिसचा झटका बायपासवाल्यांत जास्त होता, ५.२ विरुद्ध २.४ टक्के, हेही सांगते नाहीतर एकतर्फी होईल. त्या गृहस्थांना मी एवढंच सांगितलं की छोट्या छेदात होतंय का हे सर्जनला जरूर विचारा, दुसऱ्या सर्जनलाही विचारा, पण दोघं नाही म्हणाले तर मोठ्या छेदाने करून घ्या, छेदासाठी ऑपरेशन सोडू नका. आणि विचारताना 'किती इंचाचा छेद' हे शेवटी विचारा, आधी विचारा की ही नेमकी पद्धत तुम्ही वर्षाला किती करता, किती वेळा मधली छाती उघडावी लागते, आणि माझी सगळी कामं यात होणार की एखादी नस सोडून देणार. कधी कधी पुढची नस छोट्या छेदाने आणि बाकीच्या स्टेंटने असंही ठरवतात, तो वाईट मार्ग नाही, पण आधी ठरवून केलेला असला पाहिजे, जमलं नाही म्हणून सोडून दिलं असं नको. चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही.

पैशाचं. महात्मा फुले योजनेत आता कुटुंबाला वर्षाला पाच लाखांपर्यंत संरक्षण आहे, आधी दीड लाख होतं, हार्टची ऑपरेशनं त्यात आहेत. पण छोट्या छेदाचे किंवा रोबोटचे जादा पैसे वेगळे मागतायत का, ते योजनेत बसतं का, हे अॅडमिट व्हायच्या आधी हॉस्पिटलच्या काउंटरवरच्या आरोग्यमित्राला विचारायचं. दागिने गहाण टाकून रोबोट करून घेतलेले लोक मी बघितलेत, ज्यांचं साध्या पद्धतीने योजनेत फुकट झालं असतं.

आता जरा तुमच्याबद्दल, राग मानू नका. ज्या पानावर ती बातमी होती त्याच पानावर खाली 'नॅचरल बायपास, ना छेद ना भूल' अशी जाहिरात होती. ते पायांना पट्टे बांधून फुगवायचं मशीन असतं, रोज एक तास, असे ३५ तास. ज्यांना औषधांनी आराम नाही आणि ज्यांचा स्टेंटही होत नाही आणि बायपासही होत नाही अशांचं छातीत दुखणं कमी करायला त्याचा उपयोग सांगितलेला आहे, ब्लॉक त्याने जात नाही. वर छोट्या छेदाची बातमी आणि खाली ही जाहिरात, वाचणाऱ्याला दोन्ही एकच वाटणार की नाही? गल्लीतल्या तिघांना तरी वाटलंच.

आणि एक गोष्ट, जिची कधी बातमी होत नाही. आपल्याकडे मायट्रल झडप खराब होण्याचं एक मोठं कारण आजही संधिवाताचा ताप आहे, लहानपणी घसा धरला, सांधे सुजले, कुणी लक्ष दिलं नाही, आणि विशीत बाळंतपणात बाई धापा टाकत आली. अशी झडप आकसली असेल तर बऱ्याच वेळा जांघेतून फुगा नेऊन ती उघडता येते, इनोए नावाच्या जपानी सर्जनने १९८२ ला ते सुरू केलं आणि आपल्या सरकारी हॉस्पिटलांतून गेली कित्येक वर्षं ते होतंय, पेशंट दोन दिवसांत चालत घरी जातो, ना छेद ना पंप. त्यापेक्षाही स्वस्त म्हणजे पेनिसिलिनचं इंजेक्शन, एकदा ताप येऊन गेला की दर तीन आठवड्यांनी वर्षानुवर्षं घ्यायचं म्हणजे झडप आणखी बिघडत नाही. पोरी लग्न होऊन सासरी गेल्या की ते इंजेक्शन बंद पडतं, सासरी कुणी सांगत नाही, आणि चार-पाच वर्षांनी त्याच आमच्याकडे स्ट्रेचरवर यायच्या.

तेव्हा पुढच्या रविवारी अर्धं पान लहान मुलांच्या घशाच्या दुखण्याला आणि त्या तीन आठवड्यांच्या इंजेक्शनला द्या अशी विनंती आहे, शाळा सुरू होऊन पावसाळा लागलाय, वेळ बरोबर आहे. मजकूर हवा असेल तर मी लिहून पाठवते, फोटो मात्र तुमचा तुम्ही बघा.

आपली,
एक निवृत्त सिस्टर, सांगली